दळण ‘विनाकारण’ कसे? : टाळेबंदीचा आदेश काढणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
आमच्या शहरासाठी टाळेबंदीचा आदेश काढणारे आणि तो रस्त्यावर राबवणारे महसूल, नगरपालिका व पोलीस खात्यांतील सर्व अधिकारी

दिनांक : १६ मे २०२१

विषय : नागरिकांनी कोणत्या कामासाठी घराबाहेर पडावे, हे आदेशात स्पष्ट लिहिण्याबाबत

महोदय,

मंगळवारी, ११ मे रोजी सकाळी सव्वादहा वाजता आपले पथक माझ्या पिठाच्या गिरणीसमोर थांबले, तेव्हा आत-बाहेर मिळून दळणाचे २३ डबे रांगेत होते आणि डब्यांचे मालक आपापल्या घरी होते. रांग डब्यांची लावायची, माणसांची नाही, ही पद्धत मी मागच्या वर्षीच्या टाळेबंदीपासून पाळत आलो आहे. झाकणावर खडूने नाव आणि धान्य लिहायचे, डबा ठेवून परत जायचे, दळण झाले की मी फोन करतो. पथकातील साहेबांनी मोटार बंद करायला लावली, ओट्यावरचे डबे आत ठेवण्यापुरता वेळ दिला, १,००० रुपयांची पावती फाडली आणि दाराला सील लावले. पावतीवर कारणाच्या रकान्यात ‘विनाकारण दुकान उघडे ठेवणे’ असे लिहिले आहे. मी आदेशाचा कागद पुढे करून विचारले, की यात गिरणी बंद ठेवावी असे कोठे लिहिले आहे? त्यावर साहेब म्हणाले, ‘चालू ठेवावी असे तरी कोठे लिहिले आहे?’ त्यांचे म्हणणे खरे होते आणि माझेही खरे होते. एकाच कागदाच्या आधाराने दोन्ही खरे ठरत असेल, तर दोष त्या कागदात आहे, आणि हे पत्र त्या कागदाबद्दल आहे.

दुसऱ्या दिवशी मी लेखी अर्ज घेऊन निघालो. नगरपालिकेने सांगितले की आदेश महसूल खात्याचा आहे. तहसील कचेरीत सांगितले की अंमलबजावणी पोलिसांकडे आहे. पोलिसांनी सांगितले की पथक नगरपालिकेचे होते. अर्जाची पोच मला तिन्ही ठिकाणी मिळाली, उत्तर मात्र एकाही ठिकाणी मिळाले नाही. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. शहराचे नाव मी मुद्दामच घातलेले नाही, कारण मला कोणा एका अधिकाऱ्याची तक्रार करायची नाही, आणि तापी, पांझरा व गिरणा यांच्या काठच्या कोणत्याही तालुक्याच्या गावी हा प्रकार आपल्याकडचाच वाटेल, अशी मला भीती आहे.

मी टाळेबंदीच्या विरोधात आहे, असा समज कृपया करून घेऊ नये. माझे थोरले भाऊ एप्रिलमध्ये कोरोनानेच गेले. त्यांना निरोप द्यायला आम्ही चौघेच होतो, आणि चौघांच्याही अंगावर ते प्लास्टिकचे किट होते. त्यामुळे गर्दी टाळा, घरी थांबा, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही. २२ मार्च २०२०च्या जनता कर्फ्यूपासून आजपर्यंत जेवढ्या वेळा बंद ठेवायला सांगितले, तेवढ्या वेळा मी गिरणी बंद ठेवली आहे. माझी तक्रार वेगळी आहे. काय करू नये, हे आपला आदेश दोन पाने भरून सांगतो; माणसाने जगण्यासाठी काय करावे, हे मात्र तो ‘अत्यावश्यक’ या एका शब्दावर सोडून देतो, आणि त्या शब्दाचा अर्थ चौकात उभा असलेला शिपाई ठरवतो.

राज्य शासनाचा ‘ब्रेक द चेन’चा आदेश १४ एप्रिलपासून लागू आहे. पुढे त्यात किराणा, भाजीपाला, दूध आणि खाण्याच्या वस्तूंच्या दुकानांना सकाळी ७ ते ११ ही वेळ ठरली, आणि आता त्याची मुदत १ जूनच्या सकाळपर्यंत वाढली आहे. हे सगळीकडे एकच आहे. आमच्या शहरापुरता वेगळा आदेश ९ मे रोजी रात्री साडेदहाच्या सुमारास व्हॉट्सॲपवर फिरू लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून त्याचा अंमल सुरू झाला. त्यात किराणा, दूध, भाजी, औषधे आणि रेशन दुकान यांची नावे आहेत, आणि त्याखाली ‘उर्वरित सर्व आस्थापना बंद राहतील’ असे एक वाक्य आहे. त्या ‘उर्वरित’मध्ये माझी गिरणी गेली.

ती जायला नको होती, हे मी माझ्या गल्ल्यासाठी म्हणत नाही. दळणाचे जे काही सुटते त्यात वीजबिल भागते आणि दळणाच्या दगडाला टाकी लावण्याचा, म्हणजे तो टाकून पुन्हा खरबरीत करण्याचा, खर्च निघतो, फार काही उरत नाही. पण आपणच सुरू ठेवलेल्या रेशन दुकानातून काय मिळते, ते पाहावे. टाळेबंदीत गरिबांची उपासमार होऊ नये म्हणून राज्य शासनाने माणशी ३ किलो गहू आणि २ किलो तांदूळ एक महिना मोफत जाहीर केले. केंद्राने मे आणि जूनसाठी माणशी ५ किलो धान्य वेगळे दिले. पाच माणसांच्या घरात राज्याचाच १५ किलो गहू आला. शासन गहू देते, पीठ देत नाही. घरोघरची जाती कधीच गेली, आणि एखाद्या घरी असलेच तर ते लग्नात हळदीपुरते बाहेर निघते. मग तो गहू खायचा कसा, हा प्रश्न आदेश लिहिताना कोणालाही पडला नसावा. रेशन दुकान उघडे आणि गिरणी बंद, म्हणजे विहीर उघडी आणि दोर काढून घेतलेला, असा हा प्रकार आहे.

पाकिटातले पीठ घ्या, असा सल्ला मला त्या दिवशी मिळाला. पाकिटात गव्हाचे पीठ मिळते. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याचे मिळत नाही, आणि आमच्याकडे हातावर पोट असलेल्यांच्या घरात पोळीपेक्षा कळण्याची भाकरी आणि ठेचा अधिक वेळा होतो. एकदम महिन्याचे दळून ठेवा, असेही कोणी सुचवले. बाजरीचे पीठ या उन्हात आठ-दहा दिवसांत कडू पडते, ज्वारीचे पीठ शिळे झाले की भाकरी थापताना चिरा जातात. म्हणून आमच्याकडे दळण आठवड्याचे असते आणि म्हणूनच गिरणी दर आठवड्याला लागते. ही माहिती कोणत्याही स्वयंपाकघरात विचारली असती तरी मिळाली असती.

त्यातही तो आठवडा कोणता होता, हे आपणास ठाऊक आहे. शुक्रवारी १४ मे रोजी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती, आणि योगायोगाने त्याच दिवशी रमजान ईदही होती. आखाजीला खान्देशात पितरांची घागर भरतात आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. त्यासाठीचा गहू त्या डब्यांत होता. माझ्या भावाची ही पहिली आखाजी. स्वतःची गिरणी असलेल्या माणसाने त्या दिवशी किराणा दुकानातून दोन किलो पिठाचे पाकीट आणून भावाला नैवेद्य दाखवला.

दुसरी तक्रार पाण्याची आहे. आमच्या भागात नळ आठव्या-दहाव्या दिवशी येतो, कधी रात्री अकराला येतो, कधी पहाटे. मधल्या दिवसांत हापशावर जावे लागते. आदेशात ‘पाणीपुरवठा’ हा शब्द आहे, पण तो नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांना मिळालेल्या सवलतीच्या यादीत आहे. पाणी भरायला निघालेल्या बाईला सवलत आहे की नाही, ते लिहिलेले नाही. आमच्या गल्लीतील एका काकूंना साडेअकराला रिकामे हंडे घेऊन परत पाठवण्यात आले, कारण अकरा वाजून गेले होते. अकरा ही दुकानांची वेळ आहे. तहानेला ती वेळ कोणी लावली?

शेतीबद्दल थोडेच लिहितो, कारण शेतीची कामे चालू ठेवण्यास शासनाची हरकत नाही, हे सर्वांना माहीत आहे. माहीत नाही ते एवढेच, की आपण शेतीच्या कामाला निघालो आहोत, हे पहाटे पाचला नाक्यावर कशाने सिद्ध करायचे? सातबारा मालकाच्या नावाने असतो, सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याच्या नावाने नसतो. आखाजीला सालदारकीचे वर्ष संपते आणि नवे सुरू होते. या आठवड्यात कित्येक सालदार नव्या मालकाकडे कामाला लागले आहेत आणि त्यांच्यापाशी कागदाचा एक कपटाही नाही. केळीच्या कापणीला निघालेली टोळी एका ट्रॅक्टरमध्ये बसून जाते. तिने दहा ट्रॅक्टर करावेत, अशी अपेक्षा असल्यास तसे लिहावे. शिवाय पहाटे शेतात गेलेला माणूस उन्ह चढल्यावर साडेअकराला गावात येतो, तेव्हा बियाणे, ठिबकची नळी, पंपाचा पट्टा, सारे काही बंद झालेले असते.

तिसरी गोष्ट घर या शब्दाची. ‘घराबाहेर पडू नये’ असे आपण लिहिता. ओटा घरात येतो की घराबाहेर? मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, हे काही नवे नाही. पत्र्याच्या एका खोलीत सहा माणसे, त्यातला एक गृह विलगीकरणात, अशा घरातली इतर माणसे रात्री ओट्यावर किंवा दारात बाज टाकून झोपणारच. माझ्या घरामागच्या वस्तीत मागच्या आठवड्यात रात्री गस्तीच्या गाडीतून उतरून अशा झोपलेल्या माणसांना काठीने उठवून आत पाठवले गेले. विषाणू बंद खोलीत अधिक पसरतो, असे आरोग्य खातेच सांगत असते. मग त्या माणसांना आजारी माणसाबरोबर त्याच खोलीत कोंडण्यात कोणाचे संरक्षण झाले, हे मला समजलेले नाही.

चौथी तक्रार रुग्णांच्या नातेवाइकांची आहे, आणि ती जिल्ह्याच्या हद्दीशी जोडलेली आहे. अमळनेर किंवा पारोळ्याच्या माणसाला जळगावपेक्षा धुळे जवळ आहे, पण धुळे परजिल्हा आहे. रावेरच्या माणसाला बऱ्हाणपूर जवळ आहे, ते तर परराज्य आहे. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये आहे. तिथल्या माणसाला हद्दीचे काय सांगणार? १९०६ सालापर्यंत खान्देश हा एकच जिल्हा होता. नंतर त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. कागदावरच्या या रेघांमुळे सोयरिकी आणि दवाखाने काही वाटले गेले नाहीत. वैद्यकीय कारणासाठी जिल्ह्याबाहेर जाण्यास मुभा आहे, हे आदेशात आहे. पण रात्री दोनला छातीत दुखणाऱ्या आईला मोटारसायकलवर मागे बसवून निघालेल्या मुलाने ई-पाससाठी अर्ज भरावा, त्याला कागद जोडावेत आणि मंजुरीची वाट पाहावी, की नाक्यावर आईला दाखवले तरी पुरे, हे आदेशात नाही. कोविड केंद्रात दाखल असलेल्या माणसाला घरचा डबा नेऊन देणे अत्यावश्यक आहे की नाही, हेही नाही. रोज संध्याकाळी डबा घेऊन निघणारी माणसे रोज नव्याने विनवणी करतात, आणि सोडायचे की परत पाठवायचे, हे रोज नव्याने ठरते.

नियम नीट लिहिला म्हणजे काय होते, तेही आपणच दाखवून दिलेले आहे. एप्रिलच्या आदेशातील लग्नाचा नियम पाहावा. २५ माणसे, २ तास, एकच कार्यक्रम, मोडल्यास ५० हजार रुपये दंड. नियम कडक आहे, कित्येक घरांना त्याचा त्रास झाला, पण तो कळतो. वधूपित्याला कळतो, वाजंत्रीवाल्याला कळतो, हवालदारालाही कळतो. त्यावरून नाक्यावर हुज्जत झालेली मी तरी ऐकली नाही. त्याचप्रमाणे मागच्या जुलैत जळगाव, भुसावळ आणि अमळनेर येथे जी वेगळी टाळेबंदी झाली, ती ७ ते १३ जुलै अशी दोन्ही टोके सांगून झाली होती. सात दिवस म्हटले की बाई सात दिवसांचे दळण आणते. ‘पुढील आदेशापर्यंत’ म्हटले की ती घाबरून महिन्याचे आणायला निघते, आणि मग बाजारात जी गर्दी होते तिचे फोटो काढून ‘नागरिकांना गांभीर्य नाही’ असे लिहिले जाते. काही नागरिकांना गांभीर्य नाही, हे मी मान्य करतो. आमच्या चौकात चारला जमणारा पत्त्यांचा डाव मी स्वतः दोनदा उधळला आहे. पण डबा घेऊन निघालेली बाई आणि तो डाव यांत फरक करता येत नसेल, तर असा आदेश नियम मोडणाऱ्यांच्याच फायद्याचा आहे.

कायद्याबद्दल दोन शब्द. आपल्या आदेशात १८९७ सालचा साथरोग कायदा, २००५ सालचा आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि भारतीय दंड संहितेचे कलम १८८ यांचा उल्लेख आहे. मी वकील नाही, पण वाचता येते. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५१मध्ये आदेश न पाळणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे, आणि ती न्यायालयाने द्यायची आहे. भर चौकात उठाबशा काढायला लावणे, कोंबडा करणे, पोटरीवर काठी मारणे, या शिक्षा तिन्हींपैकी कोणत्याही कायद्यात नाहीत. ४४ अंशांच्या उन्हात दिवसभर उभ्या राहणाऱ्या शिपायाची चिडचिड मी समजू शकतो. त्याच्या हातात यादी न देता फक्त काठी दिली, तर तो काठीच वापरणार. म्हणून त्याच्यासाठीही ही यादी हवी आहे.

आणि शेवटची तक्रार भाषेची. ‘अनुज्ञेय’, ‘आस्थापना’, ‘निर्गमित’, ‘उपरोक्त बाबींव्यतिरिक्त’ हे शब्द वाचून माझ्या गिरणीवर येणाऱ्या शंभरातील पाच माणसांनाही काही बोध होत नाही. आमची माणसे अहिराणी बोलतात, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी आणि भिली बोलतात, आणि पुष्कळांच्या हातात व्हॉट्सॲप नाही. सकाळी सातला गल्लीत येणारी घंटागाडी मात्र प्रत्येकाला ऐकू येते. तिच्या भोंग्यावर रोज गाणे लागते. त्याऐवजी आज काय चालू आहे आणि किती वाजेपर्यंत, हे तिने बोलीत सांगितले, तर त्यासाठी एक रुपयाही खर्च येणार नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

आदेशासोबत एका पानाची, मोठ्या अक्षरांतील यादी काढावी आणि ती रेशन दुकान, दवाखाना, हापसा व नाका येथे चिकटवावी. कोणत्या कामासाठी, किती वाजता, किती माणसांनी बाहेर पडता येईल आणि सोबत कोणता कागद लागेल, एवढेच तिच्यावर असावे. दळण, पाणी, शेतमजुरी, गुरांचा चारा, रुग्णाचा डबा, रुग्णाची ने-आण, बँकेतील निराधारांचे अनुदान आणि अंत्यविधी यांचा तिच्यात नावाने उल्लेख असावा. जिथे कागद मिळूच शकत नाही, तिथे तो मागू नये.

नवा आदेश अमलात येण्यापूर्वी किमान २४ तास आधी जाहीर व्हावा आणि त्यात शेवटची तारीख असावी.

यादीत नसलेल्या कामाबद्दल शंका आली, तर पहिल्या वेळी नाव नोंदवून सोडावे. दंड करू नये. दंडाच्या प्रत्येक पावतीवर कायद्याचे कलम आणि पावती फाडणाऱ्याचे नाव व हुद्दा असावा. ‘विनाकारण’ हे कलम नाही. अंगाला हात लावणे पूर्णपणे थांबवावे.

तिन्ही खात्यांच्या वतीने उत्तर देणारा एकच अधिकारी नेमावा व त्याचा दूरध्वनी क्रमांक त्याच यादीवर छापावा.

या मागण्यांत अवघड असे काही आहे, असे मला वाटत नाही. आपल्याच खान्देशातील नंदुरबारच्या प्रशासनाने दुसरी लाट अंगावर येण्यापूर्वी हवेतून ऑक्सिजन तयार करणारे प्रकल्प उभे केले होते. एक पान लिहिण्यासाठी त्याच्या शतांशही तयारी लागत नाही. लागल्यास मी, आमच्या भागातील रेशन दुकानदार, दोन आशाताई आणि एक निवृत्त तलाठी असे आम्ही बसून कच्चा मसुदा करून देऊ. त्यात आपण खुशाल काटछाट करावी.

गिरणीपुरते सांगायचे, तर दंडाचे १,००० रुपये मी परत मागत नाही. सील काढून मिळावे. ते तूर्त शक्य नसल्यास पथकाने समक्ष दार उघडून लोकांचे डबे तरी लोकांना द्यावेत. डब्यांची यादी झाकणांवरील नावांसह मी तिन्ही अर्जांना जोडली आहे : गव्हाचे १४, ज्वारीचे ५, कळण्याचे ३ आणि बाजरीचा १. बाजरीचा डबा दळून झालेला आहे आणि पत्र्याखाली पाच दिवस पडून आहे, तेवढा आधी बाहेर काढावा.

आपला,
एक गिरणीवाला